पळालेला ‘नये’

खडखडताईंच्या लॅपटॉपची एक कळ निखळली तेव्हा दुरुस्तीवाल्याने कीबोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बाई, यावर काही फोडता का?"

"टायपिंग करते."

"जरा हळू करत जा."

"हळू केलं तर उमटत नाही," ताई म्हणाल्या, आणि कळ बसवता बसवता हा माणूस आतलं काही काढून तर घेत नाही ना, म्हणून त्याच्या हातांवर नजर ठेवून उभ्या राहिल्या.

त्यांचं अर्धं आयुष्य टाइपरायटरवर गेलं होतं. आधी एका वकिलाच्या ऑफिसात, मग टायपिंगच्या क्लासात शिकवायला. मध्ये कार्बन घालून एका दमात तीन-चार प्रती काढायच्या तर बोटांत खांद्यापासूनचं बळ आणावं लागतं. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, क्लास बंद पडला, त्या जागी चष्म्याचं दुकान आलं. बळ मात्र बोटांत राहून गेलं. पुतण्याने लॅपटॉप आणून दिला, त्यात जुन्या टाइपरायटरचीच मराठी अक्षरं बसवून दिली, आणि ताई घरबसल्या प्रकाशकांची हस्तलिखितं टाइप करू लागल्या. कीबोर्डच्या खाली ती जी गुळगुळीत पाटी असते, ट्रॅकपॅड, तिला त्यांनी पहिल्या दिवशी बोट लावून बघितलं आणि लगेच हात मागे घेतला. "मांजराला गोंजारल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. पुतण्याने मग माउस आणला. खिडकीजवळच्या टेबलाशी त्या कामाला बसल्या की खालच्या मजल्यावर कळे. खडखडताई हे नाव खालच्या मजल्यानेच ठेवलेलं. ताईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

क्लासात त्यांचा एकच मंत्र असे. "डोळे मजकुरावर. बोटांकडे बघायचं नाही, उमटलेल्याकडे बघायचं नाही. बोटांवर भरवसा नसेल तर दुसरं काहीतरी शिका." लॅपटॉपवरही त्या तो पाळत. डाव्या हाताला लाकडी स्टँडवर हस्तलिखित, मान तिकडे वळलेली, आणि पडदा बिचारा समोर एकटाच उजळत बसलेला. टाइप झालेलं पुन्हा वाचून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

ज्या बाईचा आपल्या बोटांवर एवढा भरवसा, तिचा बाकी जगावर मात्र बेताचाच होता. दुधाची पिशवी त्या हातात तोलून बघत. दाराला कुलूप लावलं की ओढून बघत, जिना उतरत, परत वर येऊन पुन्हा ओढत. कुणी "आज छान दिसताय" म्हटलं की "का, काय काम आहे?" असं विचारत. फोनवर ‘मी’ लिहिल्याबरोबर वरच्या पट्टीत ‘येते’, ‘आहे’, ‘पण’ असे शब्द हजर होत, तेव्हा त्या फोन हातभर लांब धरून म्हणत, "मी पुढे काय म्हणणार हे याला कुणी सांगितलं?"

घरात दोघीच. ताई आणि त्यांची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते आता बाहेरच्या खोलीत फोटोंत शेजारी शेजारी होते, आणि फोटोतही थोरले कपाळाला आठी घालून, धाकटे दात दाखवून. जावांचंही तसंच. धाकटी दिवसभर टॅब घेऊन बसे. ती कळ अशी दाबतच नसे. एक बोट काचेवर टेकवायचं आणि ते न उचलता या अक्षरावरून त्या अक्षरावर फिरवत न्यायचं. रेघोटी पुरी झाली की शब्द तयार.

"याला टायपिंग नाही म्हणत. लादी पुसणं म्हणतात," ताई म्हणायच्या.

"पोचतं ना पण, ताई?"

"काय पोचतं? परवा ‘पाणी आलं नाही’ लिहायचं होतं, तर ‘पाहुणी आली नाही’ लिहिलंस. सगळी इमारत विचारत होती, कोण पाहुणी म्हणून."

"मीसुद्धा विचारात पडले होते," धाकटी म्हणे आणि हसत सुटे. हसणं तिला फार स्वस्त.

त्या थंडीत ताईंची मनगटं दुखायला लागली. टाइपरायटरवर मनगट अधांतरी ठेवायचं असतं; तसं ठेवणं आता जमेना. धाकटीने कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांच्यासाठी तांब्याचं एक कडं आणलं. "दुखणं ओढून घेतं म्हणे."

"तांबंच कशावरून?" ताईंनी ते खिडकीच्या उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. जरा सैलच होतं. तरी उजव्या हातात चढवलं, आणि आठवड्याभरात उतार पडला. हा गुण कड्याचा की मनगट टेकवून बसायला लागल्याचा, ही शंका त्यांनी मनातच ठेवली. देणाऱ्याच्या तोंडावर असं बोलू नये एवढी रीत त्यांना होती.

त्याच सुमाराला एका डॉक्टरीणबाईंचं पुस्तक त्यांच्याकडे आलं. तान्ह्या बाळाच्या संगोपनाचं. बाईंचं अक्षर औषधाच्या दुकानाबाहेर कुणाला लागू नये असं, पण ताईंना ते लागायचं, म्हणून प्रकाशनाच्या संपादकबाईंनी मुद्दाम त्यांनाच काम दिलं होतं. एकेक प्रकरण टाइप करायचं आणि ईमेलने पाठवून द्यायचं. पहिली प्रकरणं गेली, आणि एका सकाळी संपादकबाईंचा फोन आला.

"ताई, एक ओळ वाचून दाखवते हं. ‘बाळाला कोमट पाण्याने अंघोळ घालून, घट्ट पिळून उन्हात वाळत घालावे.’"

ताईंनी मूळ पानांची चळत पुढे ओढली.

"ते पिळायचं दुपट्यांचं असणार ना?"

"दुपट्यांचंच. पुढच्या परिच्छेदातलं."

"तेच म्हटलं. मी नीट केलंय. पण जरा बघा बाई, लहान मुलांचा मामला आहे."

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ताईंनी फोन ठेवल्यावर तिने काय झालं ते विचारलं, आणि कळल्यावर ती दाराची चौकट धरून हसत खाली बसली. "ताई, चिमटे किती लावायचे हो बाळाला?"

ताईंना हसू आलं नाही. त्यांच्या बोटांच्या चुका त्यांना माहीत होत्या. ऱ्हस्वाचं दीर्घ होईल, एखादा काना राहील. पण ‘घट्ट पिळून उन्हात वाळत घालावे’ एवढा ऐवज आपणहून उठून वरच्या परिच्छेदात जाऊन बसतो, हे बोटांचं काम नव्हे. त्याला कुणीतरी उचलून नेलं होतं. आणि घरात दोनच माणसं. त्यातलं एक चौकटीला धरून हसत होतं, ते जरा जास्तच हसत होतं.

शंकेचं बी एकदा पडलं की ताईंकडे त्याला पाण्याला तोटा नव्हता. धाकटीने असं का करावं? कारण त्यांना चटकन सापडलं. खिडकीची खोली. घरातलं ऊन एवढं त्या एका खोलीत येई, आणि तिथे ताईंचं टेबल. काम सुटलं तर टेबल कशाला हवं? धाकटी मागे एकदा म्हणाली होतीच, "ताई, या खोलीत किती बरं वाटतं नाही?" तेव्हा ताईंनी ‘हो’ म्हटलं होतं. आता तो ‘हो’ त्यांना बोचायला लागला.

लॅपटॉपला पासवर्ड होता, पण तो थोरल्यांचं घरातलं लाडाचं नाव. ते जावेला ठाऊक नसेल तर कुणाला? ताईंनी तो त्याच दिवशी बदलला. लक्षात राहील आणि कुणाच्या डोक्यातही येणार नाही असं काहीतरी हवं होतं. त्यांना ते बसल्या जागी सुचलं, आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन ताई त्या दुपारी निवांत आडव्या झाल्या.

पुढच्या प्रकरणाला संपादकबाईंचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात हसू आणि कंटाळा दोन्ही. "‘आजीचा सल्ला शांतपणे ऐकून घ्यावा व तिला खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत पाठ थोपटावी.’ ताई, हे चित्र काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण डॉक्टरीणबाई आजी आहेत, त्यांना नाही आवडणार."

पासवर्ड बदलूनही. म्हणजे पासवर्ड बाहेर फुटला होता, किंवा धाकटीला पासवर्डची गरजच नव्हती. ताईंना ती गोष्ट आठवली. लॅपटॉप एकदा अडून बसला होता तेव्हा पुतण्याने, धाकटीच्या मुलाने, फोनवर सांगितलं होतं, "मोठी आई, तू हात लावू नकोस, मी इथून बघतो." आणि पडद्यावरचा बाण, कुणी हात न लावता, या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेला होता. ताई खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकल्या होत्या. दुसऱ्या गावाहून जे मुलाला जमतं ते पलीकडच्या खोलीतून आईला जमायला काय झालं? दिवसभर त्या टॅबवर बोट फिरवत ती नेमकं काय करत असते?

तेव्हापासून ताई टाइप करता करता मधेच थांबून कानोसा घेऊ लागल्या. पलीकडून काहीच ऐकू येत नसे. काचेवर फिरणाऱ्या बोटाला आवाज नसतो, हेच तर त्यांचं त्या टॅबशी वाकडं होतं. धाकटी बहिणीकडे राहायला गेली तरी चूक निघाली. ताईंनी मनाशी म्हटलं, टॅब बरोबर नेलाय ना.

एका दुपारी त्या डोळे मिटून पडल्या होत्या. धाकटी व्हरांड्यात मुलाशी फोनवर बोलत होती, दबक्या आवाजात. मधलं मधलंच कानावर आलं. "...नाही रे, आता उशीर नको... त्या खोलीतच माझी कॉट टाकते... नाही, त्यांना अजून काही बोलले नाही."

ताईंनी डोळे उघडले नाहीत. छातीत मात्र कुणीतरी कळा दाबत असल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सापळा लावला. नखं कापण्याच्या भागात, अगदी मधोमध, स्वतःच्या बोटांनी, ठणठणीत शुद्धीवर असताना एक वाक्य घातलं: ‘बाळाची नखे कापण्यापूर्वी जाऊबाईंची परवानगी घ्यावी.’ लॅपटॉप बंद केला, पिशवी घेतली, मोठ्याने "मी भाजी घेऊन येते गं" म्हटलं, धाकटी घरात म्हणून कुलूप लावायचं नव्हतं, तर नुसतं दारच ओढून बघितलं आणि गेल्या. परत आल्यावर चप्पलही न काढता त्यांनी फाइल उघडली. नखं होती, कात्री होती, जाऊबाईंची परवानगी नव्हती. वाक्य इतकं सफाईने काढलं होतं की मागे एक जास्तीची मोकळी जागासुद्धा राहिली नव्हती.

म्हणजे शंका नव्हती, खात्री होती. तरी त्या लगेच बोलल्या नाहीत. पकडलेल्या माणसाला थोडं मोकळं सोडलं की तो आणखी अडकतो, असं वकिलाच्या ऑफिसातलं त्यांचं ज्ञान. नेमकी तिथेच चूक झाली, कारण मधल्या दिवसांत आहार-मालिशचं प्रकरण पाठवून झालं.

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "ताई, ‘एक वर्षाच्या आतील बाळाला मध द्यावा.’ असं छापायचं होतं का आपल्याला? डॉक्टरीणबाईंनी स्वतः पकडलं म्हणून वाचलो. त्यांनी फोनवर मला काय काय ऐकवलंय. मूळ काय आहे?"

ताईंनी स्टँडवरचं पान शोधलं. "‘मध देऊ नये.’"

"बघा तुम्हीच. एक मूल जाईल हो अशाने. मी इतकी वर्षं तुमचं टायपिंग न तपासता पुढे पाठवलंय. शुक्रवारी सगळी प्रकरणं मला मुळाशी ताडून, स्वच्छ करून द्या. एक जरी असली चूक निघाली तर काम दुसरीकडे देते. आणि राग मानू नका, मग पुढचंही नाही देणार."

ताईंनी फोन ठेवला. ती ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. तिच्या दोन ओळी वर मालिशचं वाक्य होतं: ‘रोज हलक्या हाताने मालिश करावी नये.’ अस्सं. ‘नये’ इथे पळून आला होता. पळाला तर पळाला. पण त्याच्या मागे नुसतं ‘मध देऊ’ उरायला हवं होतं. ‘द्यावा’ कुठून आला?

त्यांनी धाकटीला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हे वाच."

धाकटीने चष्मा लावला. "एक वर्षाच्या आतील बाळाला मध द्यावा."

"डॉक्टरीणबाईंच्या पानावर ‘देऊ नये’ आहे. अक्षर चुकतं, मान्य. शब्द इकडचा तिकडे होतो, तेही एक वेळ मान्य. पण ‘द्यावा’ हा शब्द त्या पानावर कुठेच नाही. तो कुणाच्या तरी डोक्यातून आलाय. माझ्या नाही आला."

धाकटीने चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. "माझ्या आला," ती म्हणाली.

इतके दिवस ताई याच वाक्याची वाट बघत होत्या. ते मिळालं, आणि पुढे काय बोलायचं होतं ते आठवेना.

"तिथे नुसतं ‘मध देऊ’ होतं, ताई. वाक्य लोंबकळत होतं. मला वाटलं, द्यावा असेल. आपल्या मुलाला आपण बोटाने चाटवलाच होता की, म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "काही झालं का कुणाला?"

"छापलं नाही अजून. आणि बाकीचं? पिळलेलं बाळ? आजीचा ढेकर?"

"ते मी कशाला करेन?"

"जाऊबाईंची परवानगी कुणी पुसली मग?"

"मीच पुसली." धाकटी आता त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली, आजाऱ्याकडे बघावं तशी. "लिहिली कुणी होती, ताई?"

"मी."

"बघा."

"बघा काय? मुद्दाम लिहिली होती. तुला पकडायला."

"हो?" धाकटी म्हणाली. त्या ‘हो’मध्ये विश्वासाचा कणही नव्हता. लहान मूल किंवा फार म्हातारं माणूस काही सांगतं तेव्हा आपण म्हणतो तसा तो ‘हो’ होता. "ते वाक्य वाचून मी मोरीत जाऊन रडले. म्हटलं, आता आपण काय लिहितो तेही यांना कळेनासं झालं. पहिल्यांदा हसले मी, ते बाळ पिळायचं ऐकून. मग त्याच रात्री आठवलं, सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोलताना शब्द भलतीकडे जायचे. मग चपला फ्रीजमध्ये. तुम्ही आणि मी दोघींनीच केलं ना त्यांचं सगळं, तुम्हाला काय सांगायचं?"

"म्हणून तू..."

"तुम्ही दुपारी पडलात की मी बसायचे. पुढचं-मागचं वाचून जिथलं तिथे लावायचे. सगळं नाही सापडायचं मला. म्हटलं, काम गेलं तर तुम्ही एका महिन्यात झोपून जाल. लोकांना कळू नये, तुम्हालाही कळू नये."

"आणि कॉट?"

"ऐकलंत होय? तुमच्याजवळ झोपणार होते. सासूबाई पहाटे दार उघडून जिना उतरून गेल्या होत्या. विसरलात का?" विचारून झाल्यावर तिने जीभ चावली.

ताई विसरल्या नव्हत्या. पण विसरल्या नाहीत हे सिद्ध कसं करायचं? त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. कीबोर्डसमोर बसून बोटांकडे बघण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. जुनी, गाठाळलेली, ओळखीची बोटं. सबंध जगाला ज्या पिंजऱ्यात उभं केलं होतं त्यात आज ती उभी होती. कुलूप दोनदा ओढून बघतो ते सवयीने, की एकदा ओढलेलं आठवत नाही म्हणून? काल औषध घेतलं होतं ना? नक्की? धाकटीवर संशय घेताना त्यांना निदान राग तरी येत होता, रागाला धरून बसता येत होतं. हा संशय आला आणि धरायला काहीच राहिलं नाही.

हात मांडीवर घेत त्यांनी विचारलं, "पासवर्ड कसा कळला तुला?"

धाकटीला इतक्या कठीण प्रसंगीही हसू आवरलं नाही. "ताई, तुम्ही टायपिंगच्या क्लासातला पहिला धडा घातलाय. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. लग्न झाल्या झाल्या महिनाभर मला नेऊन बसवलं होतंत ना तिथे? दुसरं काही आलं नाही मला, पण तो ठेका अजून कानात आहे. तुम्ही तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल असा वाजवता."

ताईंना लाज वाटली, आणि लाजेबरोबर जरा बरंही वाटलं. पासवर्ड फुटला तो त्यांच्या डोक्यातून नव्हे, हातातून फुटला होता.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. तू वाच, मी टाइप करते. बघू दे मला, मी काय करते ते."

"मला त्या बाईंचं अक्षर नाही लागत."

"मग तुझ्या टॅबवरचं काहीही वाच."

धाकटीने इमारतीच्या ग्रुपवरची सूचना काढली. ती वाचू लागली, सावकाश, शाळेतल्यासारखं. "उद्या टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी बंद राहील. सर्वांनी आज पाणी भरून ठेवावे..." ताईंची बोटं खडखडू लागली. मान सवयीने डावीकडे वळली, पण स्टँडवर आज काही नव्हतं. डोळ्यांना जायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून ते पडद्यावर गेले.

आणि ताईंनी ते पाहिलं. ‘भरून’ म्हणेपर्यंत कर्सर सरळ चालला होता. मग तो टुणकन वरच्या ओळीत गेला आणि ‘ठेवावे’ हा शब्द टाकीच्या आधी जाऊन उभा राहिला. पुढचे शब्द त्याच्यामागे रांगेने. मग बाण खाली मोकळ्या जागेत सरकला आणि कर्सर पुन्हा शेवटी येऊन बसला, काही घडलंच नाही अशा थाटात.

ताईंनी हात थांबवले. "तू टॅबला काही केलंस?"

"माझे दोन्ही हात तुमच्या डोळ्यांसमोर आहेत."

ते खरं होतं. ताईंनी ते दोन्ही हात नीट बघून घेतले. "वाच पुढे."

धाकटी वाचू लागली, पण आता तिची नजर टॅबवर नव्हती. ती ताईंच्या मनगटाकडे बघत होती. एका ओळीतच तिने वाचणं थांबवलं. "ताई, हात तसाच ठेवा." तिने वाकून ताईंचं मनगट दोन बोटांत धरलं, जरा उचललं आणि अलगद खाली सोडलं. तांब्याचं कडं त्या गुळगुळीत पाटीवर टेकलं. पडद्यावरचा बाण दचकला. पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं. कर्सर उडी मारून भलत्या ओळीत.

"अगं बाई," धाकटी हळूच म्हणाली. जिचा सारा दिवस काचेवर बोट फिरवण्यात जातो तिला हे समजायला वेळ लागला नाही. "याला वाटतंय, तुम्ही बोट लावताय. मनगट टेकलं की कडं टेकतं, कडं टेकलं की हा पळतो. आणि तुम्ही बघताय तिकडे, कागदात."

"मी नाही वापरत ती पाटी."

"ती वापरते ना तुम्हाला."

ताईंनी तिच्या हातातून मनगट काढून घेतलं. स्वतः टेकवून बघितलं. स्वतः उचलून बघितलं. कडं काढून बाजूला ठेवून नुसतं मनगट टेकवलं, तर बाण जागचा हलला नाही. कडं चढवलं, हलला. कुलपासारखं त्यांनी ते पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं, खात्री पटेपर्यंत आणि पटल्यावरही. मग कडं काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"हे कडं दिलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"म्हणजे शेवटी तूच."

"शेवटी मीच," धाकटी म्हणाली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. ताईंनी तिकडे पाहिलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली, तेवढंच.

शुक्रवारपर्यंत दोघी त्या उन्हाच्या खोलीत बसून होत्या. डॉक्टरीणबाईंचं अक्षर ताई मोठ्याने वाचत, धाकटी पडद्यावर बोट ठेवून जुळवत जाई. डोळे मजकुरावर हा ताईंचा मंत्र तसाच राहिला. उमटलेल्याकडे बघायला दुसरे डोळे आले. पळालेले शब्द बरेच सापडले. एक ‘हळूहळू’ लसीकरणात जाऊन लपला होता. धाकटीने आपल्या मनाने घातलेलेही काही सापडले, आणि प्रत्येक वेळी ताई म्हणाल्या, "हा तुझ्या डोक्यातला." धाकटी म्हणे, "काढा." मधाच्या ओळीशी आल्यावर ताईंनी माउस हातात घेतला, मालिशच्या वाक्यामागून ‘नये’ काढला, ‘द्यावा’ पुसला आणि ‘देऊ नये’ असं टाइप केलं. तो ‘नये’ खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल.

संपादकबाईंनी सगळं आपल्या डोळ्यांनी तपासून मग फोन केला. काम राहिलं. "या वेळी ताडून कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या जाऊबाईंनी. त्यांच्या परवानगीशिवाय इथे नखसुद्धा कापत नाहीत," ताई म्हणाल्या. संपादकबाईंना त्यातलं काही कळलं नाही. स्वयंपाकघरात मात्र भांडं पडल्याचा आवाज आला.

कॉटचा विषय पुन्हा निघाला नाही. कडं आता काम संपल्यावर हातात चढे आणि कामाच्या वेळी स्टँडच्या खुंटीला लटके. मनगट थोडं दुखे. ताई म्हणत, खरंच तांबं असतं तर खुंटीवरूनही गुण आला असता.

संपादकबाईंचा फोन आला त्याच संध्याकाळी ताईंनी धाकटीला खोलीत बोलावलं. "तिकडे तोंड कर. पासवर्ड बदलतेय."

"अजून, ताई?"

"अजून. भिंतीकडे बघ."

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हाताची घडी घालून, कान टवकारून. खोलीत काहीच वाजेना. खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली तेवढी ऐकू आली. तिने हळूच मान वळवून पाहिलं. ताई पडद्यावर नाक टेकेल इतक्या वाकल्या होत्या आणि एका बोटाने, लोणी उचलावं तशी, एकेक कळ दाबत होत्या.

"ताई," धाकटी पुन्हा भिंतीकडे वळत म्हणाली, "उमटतंय ना पण?"

"गप्प बस," ताई म्हणाल्या, आणि पडद्याकडे बघून घेतलं.